सुरगाठ आली की निवारा आला: ताडपत्री ताणायच्या गाठी

परकराच्या किंवा पायजम्याच्या नाडीला आपण रोज गाठ मारतो. नीट मारली तर ती सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटते. घाईत भलतंच टोक आत गेलं तर निरगाठ बसते, आणि मग नखं, दात, सुई, शेवटी कात्री. रानात ताडपत्रीखाली रात्र काढायची असेल तर हाच फरक हाताला कळला पाहिजे. गाठ रात्रभर ताण पेलेल आणि वेळ आली की एका ओढीत सुटेल, अशी हवी. घट्ट गाठ कुणालाही मारता येते. सुटणारी गाठ मुद्दाम शिकावी लागते.

मी हे शिकले ते मुरबाडकडे, एका शेताच्या बांधावर. मालकाला विचारून आम्ही चौघींनी तिथे ताडपत्री लावली होती. रात्री दोनच्या सुमाराला वारा फिरला, पाऊस वाढला आणि ताडपत्रीच्या मधोमध पाण्याचा फुगा धरला. एक कोपरा सैल करून ताडपत्री तिरकी केली असती तर पाणी निघून गेलं असतं. पण त्या कोपऱ्याला मी विश्वास वाटेना म्हणून एकावर एक चार गाठी मारल्या होत्या. ओल्या दोरावर त्या आवळून बोराएवढ्या टणक झाल्या होत्या. टॉर्च दातांत धरून मी दहा मिनिटं नखं लावली, मग चाकूने दोर कापला. कापल्यावर उरलेला दोर खुंटीपर्यंत पोचेना. उजाडेपर्यंत आम्ही ताडपत्री डोक्यावर धरून बसलो.

त्या फुग्याचा हिशेब नंतर केला. १० बाय १२ फुटांच्या ताडपत्रीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी होतं सुमारे ११० लिटर, म्हणजे ११० किलो. आपल्याकडच्या जुलैत १० मिलिमीटर पडायला अर्धा तासही लागत नाही. त्यातलं निम्मं पाणी साचलं तरी दोर, रिंगा आणि खुंट्या यांतलं काहीतरी हार मानणार.

काय घ्यायचं

मे सरत आला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात ताडपत्र्यांचे गठ्ठे दिसायला लागतात. नवी मुंबईकरांना वाशी-तुर्भे बाजूला मिळतील. दुकानदार आधी जीएसएम विचारेल. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, तो हा आकडा. सुरुवातीला १० बाय १२ फुटांची, १२० जीएसएमच्या आसपासची पुरे. तिचं वजन साधारण १.३ किलो होतं आणि तिच्याखाली दोघंतिघं आरामात झोपतात. घेताना उलगडून कडेच्या रिंगा मोजा आणि प्रत्येक रिंगेत बोट घालून जरा जोरात ओढून बघा. हलकी रिंग तिथेच वाकते.

दोराच्या बाबतीत मात्र चोखंदळ व्हा. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर. तो गुळगुळीत असतो, गाठ धरत नाही आणि उन्हात राहिला की त्याची कुसं निघतात. नायलॉन मजबूत, पण भिजला की ताणतो. संध्याकाळी तबल्यासारखी ताणलेली ताडपत्री रात्री लोंबते ती बऱ्याचदा याच कारणाने. पॉलिएस्टरचा विणीचा दोर मिळाला तर तोच घ्या, तो ओला होऊनही फारसा सैल पडत नाही. आढ्यासाठी, म्हणजे दोन झाडांमधल्या आडव्या दोरासाठी, ६ मिलिमीटर जाडीचा १२ मीटर दोर. तणाव्यांसाठी, म्हणजे बाजूंना ताणायच्या दोऱ्यांसाठी, ३ मिलिमीटरची दोरी, प्रत्येकी ३ मीटरचे सहा तुकडे. तीच दोरी पाऊण मीटरचे दोन तुकडे जास्तीची घ्या, त्यांचं काम पुढे सांगते. कापलेली टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा. वितळलेला थेंब बोटाला लागला तर कातडी घेऊन निघतो, तेव्हा बोटाने दाबू नका, चमच्याच्या पाठीने दाबा.

हे दोर आणि या गाठी ताडपत्रीपुरत्या आहेत. यांवर माणसाचं वजन कधीही टाकायचं नाही, झोळी बांधायची नाही, कडा उतरायचा नाही.

आढ्याचा दोर: पहिलं झाड

दोन झाडांमध्ये बांधायचा आडवा दोर म्हणजे आपल्या घराचं आढं. पंधरा ते वीस फुटांवरची दोन जिवंत, मांडीएवढी तरी जाड झाडं निवडा. वर बघा: वाळलेली फांदी असेल तर ते झाड सोडा. माळावरचं एकटं उंच झाडही सोडा, विजेचं कारण आहे. खोडाला दोर काचू नये म्हणून गोणपाटाची पट्टी गुंडाळा. साल सोलवटलेली झाडं बघितली की मला वाईट वाटतं, आणि ते टाळायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

पहिल्या झाडाला बोलाइन, म्हणजे न आवळणारा पक्का फास करणारी गाठ. दोर खोडामागून फिरवून टोक पुढे घ्या. आता तुमच्यासमोर दोन पदर आहेत: एक छोटं मोकळं टोक आणि दुसरी दुसऱ्या झाडाकडे जाणारी लांब बाजू. लांब बाजूवर, खोडापासून हातभर अंतरावर, एक छोटं कडं करा. कडं करताना खोडाकडे जाणारा पदर वर राहिला पाहिजे. मी मुलांना सांगते: कडं म्हणजे विहीर, लांब बाजू म्हणजे विहिरीच्या काठचा माड, मोकळं टोक म्हणजे साप. साप विहिरीतून खालून वर आला, माडाच्या मागून वळसा घातला आणि परत त्याच विहिरीत शिरला. मग टोक आणि फासाचा पदर एका हातात, लांब बाजू दुसऱ्या हातात धरून आवळा. टोक वीतभर बाहेर उरलं पाहिजे. गुळगुळीत दोर असेल तर उरलेल्या टोकाने फासाच्या पदराला एक साधा अडका मारा (टोक पदराभोवती फिरवून स्वतःच्याच खालून ओढायचं, ती अर्धी गाठ म्हणजे अडका), कारण ताण नसताना हलत राहिली तर बोलाइन सैल होते.

कडं उलटं पडलं तर आवळताना गाठ तयारच होत नाही, सगळं हातात येतं. तेव्हा घाबरू नका, कडं पलटा. सोडताना माडाभोवतीचा वळसा अंगठ्याने मागे मोडा. रात्रभर कितीही ताण बसलेला असो, दोर सैल केला की बोलाइन लगेच ढिली पडते. म्हणून तर मी पहिल्या झाडाला दुसरी गाठ वापरत नाही.

दुसरं झाड: ट्रकर्स हिच

ट्रकवर माल आवळताना क्लीनर दोराला मध्येच एक फास करतात, टोक खालच्या हुकातून फिरवून त्या फासातून ओवतात आणि पाय लावून ओढतात. तुर्भ्याच्या बाजारात तासभर उभे राहिलात तर चारदा बघायला मिळेल. तीच ही गाठ. नवशिक्यांना सगळ्यात अवघड हीच जाते, म्हणून सावकाश सांगते.

दोर दुसऱ्या झाडापर्यंत न्या. झाडाच्या तीन-चार फूट अलीकडे दोराला एक कडं करा. आता कड्याच्या *मोकळ्या टोकाकडच्या* बाजूने दोराची एक घडी घ्या आणि ती कड्यातून बाहेर ओढा. मूठ जाईल एवढा फास तयार झाला. इथेच बहुतेकांची चूक होते: घडी लांब बाजूने, पहिल्या झाडाकडच्या दोराची घेतली जाते. मग ताण आला की फास मिटत जातो आणि टोकाला चावून बसतो. खात्री करायला फासात दोन बोटं घाला आणि पहिल्या झाडाकडचा दोर ओढा. फास लहान झाला तर उलटा आहे, सोडा आणि परत करा. जसाच्या तसा राहिला तर बरोबर.

आता मोकळं टोक खोडामागून फिरवा, परत आणा, फासातून ओवा आणि झाडाच्या दिशेला ओढा. दोर आवळत जाताना हाताला कळतं. कागदावर ही रचना तुमच्या ओढीला तिप्पट करते, प्रत्यक्षात दोरावर दोर घासल्याने बराच जोर वाया जातो, तरी एकट्या माणसाला पुरेसा ताण मिळतो.

ताण मिळाला की टोक जिथे फासातून बाहेर येतं तिथे अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत दोर दाबून धरा. ही चिमूट सुटली की सगळी मेहनत गेली. दुसऱ्या हाताने टोकाची घडी करा, दुहेरी पदर फासाखालच्या दोरांभोवती फिरवून अडका मारा, पण टोक पूर्ण ओढून घेऊ नका, घडीच आत ठेवा. नाडीची सुरगाठ ती हीच. अजून एक तसाच अडका मारलात की झालं. सकाळी टोक ओढलं की दोन्ही अडके सुटतात आणि फासही आपोआप विरघळतो, दोरात गाठीचं नाव उरत नाही.

एक सावधगिरी: आढ्याचा दोर वीणेच्या तारेसारखा ताणू नका. १० किलोचं ओझं दोराच्या मधोमध टांगलं आणि दोर दोन्हीकडे ३० अंशांनी खाली आला, तर प्रत्येक बाजूवर १० किलोंचाच ताण येतो. तोच दोर ५ अंशच झुकेल इतका आवळलेला असेल तर ताण ५७ किलोंच्या आसपास जातो. मधोमध तळहाताने दाबल्यावर जरा खाली जाईल, एवढा ताण ठीक.

ताडपत्री आढ्यावर: प्रुसिक

ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाणारी ही गाठ १९३१ पासून डोंगरात रुळली. हाताने सरकवली तर सरकते, ताण आला की जागच्या जागी धरते.

पाऊण मीटरच्या दोन तुकड्यांची दोन वेटोळी करायची आहेत. टोकं एकमेकांशेजारी उलट दिशांनी ठेवा. एक टोक दुसऱ्या पदराभोवती दोनदा फिरवून स्वतःच्याच वेढ्यांतून ओवा, दुसऱ्या टोकाचंही तसंच करा, मग दोन्ही बाजूंनी ओढा. दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना चिकटतात. इथे मात्र निरगाठच हवी, ही वेटोळी पुढची पाच वर्षं सोडायची नाहीत.

वेटोळं आढ्याच्या दोराखाली धरा आणि गाठीची बाजू दोरावरून घेऊन वेटोळ्यातूनच तीनदा फिरवा. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका, बांगड्यांसारखे ओळीने बसवा. गाठ वेढ्यात येता कामा नये. वेटोळं दोरापेक्षा बारीक हवं, जाडीला जाडी बसली तर पकड येत नाही. म्हणून ६ च्या दोरावर ३ चं वेटोळं.

आता ताडपत्री दोरावर टाका, दोन्हीकडे पाच-पाच फूट उतरेल अशी. मधल्या रिंगेतून वेटोळ्याचं टोक बाहेर काढा आणि त्यात बोटाएवढी बांबूची काडी अडकवा. दुसऱ्या टोकालाही तसंच. मग दोन्ही प्रुसिक झाडांकडे सरकवा. ताडपत्रीची मधली सुरकुती निघून गेली की सोडा. सकाळी काडी काढली की झालं.

पाऊस दोरावरून ओघळत थेट आत येतो आणि नेमका उशीवर ठिबकतो. ताडपत्रीच्या बाहेर वीतभर अंतरावर दोराला सुती चिंधी बांधून लोंबती ठेवा. पाणी चिंधीवरून खाली उतरतं.

तणावे

तंबूच्या बाजूच्या दोऱ्यांना तणावा हा आपला जुना शब्द आहे, आणि तो मला फार आवडतो. कोपऱ्याच्या रिंगेला तणाव्याचं एक टोक बोलाइनने बांधा. दुसरं टोक खुंटीकडे.

खुंटी ठोकताना तिचं डोकं ताडपत्रीपासून लांब, बाहेर कललेलं ठेवा. पावसाळ्यातल्या लाल मातीत बोटभर खुंट्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. एक फूट लांबीच्या बांबूच्या खुंट्या करून न्या, किंवा खुंटीवर मोठा दगड ठेवा. कातळावर खुंटी जातच नाही, तिथे तणावा दगडालाच बांधायचा.

खुंटीला टॉट लाइन हिच. दोरी खुंटीमागून फिरवून परत आणा, आता दोन पदर झाले. मोकळं टोक ताणाच्या पदराभोवती दोनदा फिरवा. हे वेढे आतल्या बाजूला, म्हणजे खुंटीच्या दिशेने सरकत जायला हवेत. मग टोक या दोन वेढ्यांच्या पलीकडे, ताडपत्रीच्या बाजूला न्या आणि त्याच दिशेने आणखी एक वेढा घेऊन अडका मारा. शेवटचा अडका घडी घालून मारलात तर हीसुद्धा सुरगाठ. गाठ मुठीत धरून वर सरकवली की तणावा आवळतो, खाली सरकवली की सैल होतो. सोडली की तिथेच धरते. दोरी फार गुळगुळीत असेल तर आतला वेढा दोनाऐवजी तीनदा घ्या. १९९७ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला गेलेल्या अंतराळवीरांनीसुद्धा हीच गाठ वापरली होती.

मुरबाडच्या त्या रात्री मला हीच येत असती, तर मी दोन सेकंदांत कोपरा खाली घेतला असता. म्हणून माझं सांगणं असं, की एकच गाठ शिकायला वेळ असेल तर ही शिका. झोपण्याआधी आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा, असे दोनदा बाहेर जाऊन सगळे तणावे आवळा. प्रत्येकाला पांढरी चिंधी बांधा, रात्री लघवीला उठलेला माणूस हमखास अडखळतो.

रिंग फाटलीच तर लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ताडपत्रीच्या कोपऱ्यात आतून धरा आणि ताडपत्री त्याच्याभोवती गोळा करून मान करा. त्या मानेला क्लोव्ह हिच: दोरीचा एक वेढा, दुसरा वेढा पहिल्याला फुली करून, आणि टोक त्या फुलीखालून बाहेर. ही पकड रिंगेपेक्षा भक्कम असते. तणावा तोकडा पडला आणि दोन दोऱ्या जोडायच्या आल्या तर साधी चौकोनी गाठ मारू नका, हलता ताण आला की ती उलटून सुटते. जाड दोरीची घडी करा, बारीक दोरी खालून घडीत आणा, घडीच्या दोन्ही पदरांमागून फिरवा आणि स्वतःच्याच खाली खोवा. ही शीट बेंड. कोळ्यांच्या जाळ्याच्या डोळ्यातली गाठ याच घडणीची असते. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यात कुणी जाळं दुरुस्त करत बसलेलं दिसलं तर थांबून विचारून बघा. त्यांची बोटं ज्या वेगाने चालतात ते बघून मला आजही हेवा वाटतो.

कुठे, कशी

पावसाळ्यात सह्याद्रीवर वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो. ताडपत्रीची एक बाजू तिकडे करा आणि जमिनीच्या वीतभर वरपर्यंत खाली घ्या. आढं छातीइतकं उंच असलं तर बसायला बरं, पण वाऱ्याच्या रात्री कमरेइतकंच ठेवा. कुठलीही बाजू सपाट ठेवू नका, पागोळ्या गळायला उतार लागतो. कोरड्या ओढ्यात झोपू नका, वर डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला दिसतही नाही आणि पाणी येतं. ताडपत्रीखाली स्टोव्ह पेटवायचा नाही, ती वितळते आणि थेंब अंगावर पडतात.

जागेबद्दल एक गोष्ट स्पष्ट. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे परवानगीवाचून रात्र काढायची नाही. तो बिबट्याचा इलाखा आहे. खारघरच्या पांडवकडा परिसरात पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, ते पाळा. सुरुवातीला माहुलीच्या किंवा गोरखगडच्या पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी शेतावर, विचारून, दोन पैसे देऊन मुक्काम करा. गाव जवळ असतं आणि बिनसलं तर कुणाच्या तरी ओसरीचा आधार मिळतो.

त्याआधी घरी सराव. एक टोक बाल्कनीच्या ग्रिलला, दुसरं जड खुर्चीच्या पायाला. प्रत्येक गाठ वीसदा मारा आणि वीसदा सोडा, सोडणं मोजायला विसरू नका. जमलं की दोर बादलीत भिजवा आणि परत मारा. मग दिवा बंद करून. मग सोसायटीच्या गच्चीवर, टाकीच्या खांबांना, पूर्ण ताडपत्री. वॉचमनकाकांना आधी सांगा, म्हणजे रात्री टॉर्च दिसला तर ते धावत वर येणार नाहीत. अंधारात, ओल्या हातांनी, पंधरा मिनिटांत निवारा उभा राहिला की रानात जायला तुम्ही तयार आहात.

सकाळी सोडताना उलट क्रमाने जा: आधी तणावे, मग काड्या, मग ट्रकर्स हिच, सगळ्यात शेवटी बोलाइन. दोर कोपरापासून अंगठ्यापर्यंत आठाच्या आकारात गुंडाळा, गोल गुंडाळला की पीळ पडतो. प्रुसिकची वेटोळी आढ्याच्या दोरावरच राहू द्या. घरी आल्यावर सगळं उलगडून सावलीत वाळवा, उन्हात नको, आणि खोडाला घासलेला दोराचा भाग बोटांत फिरवून बघा. धागे निघालेले हाताला लागले तर तेवढा तुकडा कापून टाका.